आपण कुठले?

लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दिंडीदरवाजाशी आजी बसलेली असायची. नवा माणूस उंबऱ्याशी आला की तिचे प्रश्न ठरलेले असत. "कोण आपण? कुठले? मूळ गाव? म्हणजे अमक्यांचे कोण?" उत्तरांनी समाधान झालं तर पाहुण्याला चहा, नाही तर "ते घरात नाहीत". मग आजोबा आत खोकत असले तरी बिघडत नसे. खोकणारे आजोबा घरात नाहीत हे ऐकून माणूस निमूट परत जायचा.

गेल्या पावसाळ्यात आजीची फार आठवण आली, ती आमच्या होम थिएटरच्या रिसीव्हरमुळे. अकरा किलोंचा काळा ठोकळा, पुढून एक गोल बटण आणि मागून नुसती भोकंच भोकं. ही त्याला "तुमचं धूड" म्हणते. सेट टॉप बॉक्स असो की सिनेमाची पेटी, सगळ्यांच्या तारा आधी धुडात शिरतात. मग ते आवाज पाच स्पीकरांना वाटतं आणि चित्र टीव्हीकडे धाडतं. एका संध्याकाळी त्यानं वाटप बंद केलं. टीव्हीवर निळा पडदा आणि "नो सिग्नल". चित्र नाही, आवाजही नाही.

बंगळूरला मुलाला फोन लावला. "बाबा, केबल बदलून बघ." बदलली. "दुसऱ्या पोर्टात घाल." घातली. "सगळ्याचे प्लग काढ, दहा मिनिटं थांब, मग आधी टीव्ही लाव आणि नंतर रिसीव्हर." तेही केलं. दोन बटणं एकदम दाबून धरली की म्हणे यंत्र सगळं विसरून नव्यानं जन्माला येतं. आलं. पाचही स्पीकर किती फुटांवर आहेत हे मी मेजपट्टी लावून त्याला शिकवलं होतं, तेवढं मात्र ते विसरलं. निळा पडदा तसाच.

एखादं भोक गेलं असतं तर शेजारचं चाललं असतं. इथं सगळी एकदम गेली होती. शिवाय धुडाचा स्वतःचा मेनूसुद्धा टीव्हीवर उमटेना. म्हणजे पाहुण्यांशी भांडण नव्हतं, दुखणं घरातलंच होतं. रेडिओ मात्र खणखणीत लागत होता. अॅम्प्लिफायर धडधाकट, स्पीकर धडधाकट. बिघडला होता तो एचडीएमआयचा बोर्ड.

मग मी या एचडीएमआयच्या मागे लागलो. चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारं हे प्रकरण २००२ सालचं. त्याआधी लाल, पांढरी, पिवळी अशा तीन तारा असत. पिवळीतून चित्र, उरलेल्या दोघींतून आवाज. तार खुपसली की पलीकडे जे असेल ते दिसायचं. कोणी कोणाला काही विचारत नसे. एचडीएमआयच्या तोंडात १९ पिना आहेत आणि त्यातल्या काहींचं काम निव्वळ चौकशीचं. १८व्या पिनेवरून पाच व्होल्ट येतात, ती दारावरची थाप. १९वीवरून आतून उत्तर जातं, "आले, आले." मग १५वी आणि १६वीवर संभाषण सुरू होतं. तुमचा पडदा केवढा, कुठला आवाज चालतो, किती रंग पेलवतात? टीव्ही आपली सगळी माहिती सांगतो. एवढ्यावरही भागत नाही. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून दोघांना गुप्त किल्ल्या जुळवून ओळख पटवावी लागते, आणि एकदा पटली तरी साधारण दर दोन सेकंदांनी "तुम्ही तेच ना?" असं पुन्हा विचारतात. आजी निदान चहा झाल्यावर थांबायची.

यात रिसीव्हरची गत सगळ्यांत वाईट. तो मधला. सेट टॉप बॉक्सपुढे तो यजमान आणि टीव्हीपुढे पाहुणा. टीव्ही कसा आहे हे बॉक्सला यानं सांगायचं, शिवाय "मागचे लोकही आपलेच आहेत" असा जामीन राहायचं. लग्न जमवणाऱ्या मधल्या माणसाला जे सोसावं लागतं ते हे यंत्र वर्षानुवर्षं बंद कपाटात, पंख्याशिवाय सोसत होतं. डोकं तापणारच.

आणि डोकं तापण्यातच खरी गोम निघाली. एकदा हिनं दुपारभर रेडिओ लावून ठेवला होता. संध्याकाळी मी सहज बटण फिरवलं तर चित्र हजर. दुसऱ्या दिवशी थंड धुड सुरू केलं, पुन्हा निळा पडदा. वीस मिनिटं गरम होऊ दिलं, चित्र आलं. खात्री करायला हिचा केस वाळवायचा ड्रायर धुडाच्या जाळीवर धरला.

"अहो, त्याला सर्दी झालीय का?" ही म्हणाली.

चार मिनिटांत बातम्या लागल्या. ड्रायर मला पुन्हा मिळालेला नाही.

मग घराला वळण लागलं. कुकर लावायच्या आधी धुड लावायचं. ते तापेपर्यंत रेडिओ ऐकायचा. सातनंतर विविध भारतीवर जयमाला असते. फौजी भाईंच्या फर्माइशी ऐकत ही भाजी चिरायची आणि मी शेंगा सोलायचो. तिसऱ्या शिट्टीला चित्र यायचं. दोन महिने असे गेले आणि आमची काही तक्रार नव्हती. पण दिवाळीत मुलगा येणार होता, आणि निळ्या पडद्याकडे तोंड करून वीस मिनिटं बसायची त्याच्या पिढीला सवय नाही.

कंपनीच्या सेवा केंद्रातून "मॉडेल जुनं आहे, बोर्ड येत नाही, नवीन घ्या" असं उत्तर आलं. इतक्या गोड आवाजात, की क्षणभर मलाच नवीन घ्यावंसं वाटलं. मग धुड चादरीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतलं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या एका माळ्यावर, हातभर जागेत बसलेल्या पोरानं स्क्रू काढता काढताच विचारलं, "काका, तापल्यावर चालतो ना?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानं बोर्डावरची चौकोनी चिप दाखवली. तिच्या पोटाखाली मोहरीहून बारीक सोल्डरचे मणी असतात, डोळ्यांना न दिसणारे. रोज तापून फुगायचं, रात्री थंड होऊन आक्रसायचं, असं करता करता एखाद्या मण्याला चीर जाते. तापलं की चीर मिटते, निवलं की उघडते. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असे, ते १८३ अंशांना वितळायचं. विषारी म्हणून २००६पासून युरोपनं ते काढायला लावलं आणि जगातल्या बहुतेक यंत्रांचं सोल्डर बदललं. नव्याला २१७च्या पुढे तापवावं लागतं. "हा माल जरा ठिसूळ पडतो," पोरगा म्हणाला. त्यानं चिपेभोवती चकाकती पट्टी लावली, फ्लक्स सोडलं आणि गरम हवेचा झोत धरला. हिच्या ड्रायरचा हा शिकलेला भाऊ.

"किती दिवस टिकेल?"

"सहा महिने, नाही तर सहा वर्षं. ग्यारंटी देत नाही, काका. आणि कपाटाचं दार उघडं ठेवत जा."

आता धुड बटण दाबल्याबरोबर चित्र देतं. मुलगा आला, सिनेमा बघून गेला, "एवढंच होतं तर नवीन का घेतलं नाहीस" असं म्हणूनही गेला. पण सात वाजले की ही अजून धुड लावते आणि बटण रेडिओकडे फिरवते. परवा मी म्हटलं, "अगं, आता तापवायची गरज नाही." तर म्हणाली, "माहितीय. शेंगा घ्या."