नव्वद टक्के घर्षण

इंजिनाच्या हेडचे बोल्ट मधून कडेला आवळतात. आधी मधले, मग त्यांच्या आजूबाजूचे, शेवटी कोपरे. तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत, दर फेरीला जोर वाढवत. खोलताना उलट. हे ज्ञान मी बंगळूरला, एचएसआर लेआउटमधल्या आमच्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला देतो. लोक आपला मजला येण्याआधीच उतरतात. त्यांच्या विजेच्या स्कूटरींना हेडच नाही, त्यांना काय कळणार!

माझ्याकडे टॉर्क रेंच आहे. दिवाणखान्यात, लेकीच्या चषकांशेजारी. काम झालं की त्याचं सेटिंग खाली आणून ठेवायचं असतं, नाहीतर स्प्रिंग थकते. मी काम न करताच आणून ठेवतो. त्यामुळे सिल्क बोर्डच्या गर्दीत बाबांच्या मारुती 800चा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि फिल्टर कॉफीच्या रंगाचं ऑइल निघालं, तेव्हा मला चक्क आनंद झाला.

हेडचं गॅस्केट उडालं होतं. हेड फेस, म्हणजे घासून सपाट, होऊन आलं. मी पाना पुढे केला.

"हात को मालूम, सार," मेस्त्री म्हणाला.

मग मी त्याला घर्षण सांगितलं. आपण लावतो त्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालीच घासून जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्ट ताणून हेड दाबायला उरतात जेमतेम दहा. आटे गंजलेले असले तर पाना 'कट' वाजतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. म्हणून आटे साफ करून तेलाचं बोट लावायचं, पण ब्लॉकच्या भोकात तेल साचू द्यायचं नाही. बोल्टखाली कोंडलं तर ब्लॉकला तडा. पुष्कळ नव्या इंजिनांत कारखानेही नुसत्या टॉर्कवर विसंबत नाहीत. थोडा जोर, मग मोजून अंशांत वळण. असा बोल्ट बहुधा कायमचा ताणला जातो, पुढच्या वेळी नवाच घालायचा.

इथे मात्र माझं डोकं फिरतं. लाखांनी पगार घेणारी माणसं बिलातून नेमके नवे बोल्ट कापायला लावतात, 'जुने चांगले दिसतात की' म्हणून. पुन्हा गॅस्केट उडालं की चोर कोण? मेस्त्री.

त्याला पटावं म्हणून मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली बाबांची वही काढली. कोल्हापूरला ते स्वतः हेड खोलायचे. पेन्सिलीने काढलेला हेडचा नकाशा, गोलांत क्रमांक, मधून कडेला. खाली, शेवटच्या फेरीपुढे, बारीक अक्षरात: 'यंदा दम पुरला नाही. शेजारच्या पोराकडून आवळून घेतले.' ही ओळ मी आधी वाचली नव्हती. त्या काळात फोनवर ते एवढंच सांगायचे, गाडी झकास आहे.

मेस्त्रीला मराठी येत नाही. त्याने गोलांवरून काळं बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऑर्डर सही है. पाना देव."

पाना त्याला इतका आवडला की तो आता त्याच्याच गॅरेजात असतो. परवा मागायला गेलो, तर म्हणाला, "कायकू, सार?"