गोल विषयाचं त्रैमासिक

फक्त टायरला वाहिलेलं एक त्रैमासिक अमेरिकेत निघतं, हे कळल्यावर आधी मला हसू आलं. ‘टायर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’. १९७३ पासून निघतंय. आपल्याकडे भल्याभल्या मासिकांची हवा चार वर्षांत गेली; हे पन्नाशी उलटून फिरतंच आहे.

काढते कोण, तर ओहायोमधल्या ॲक्रनची टायर सोसायटी. सोसायटी म्हटलं की मला पार्किंगची भांडणं आठवतात. ही सोसायटी मात्र गाडी पळताना काय होतं याची काळजी करते. ॲक्रन हे रबराचं गाव. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, सगळे तिथले. गंधक घालून रबर टिकाऊ करणारा चार्ल्स गुडइयर १८६० मध्ये कर्जातच वारला आणि १८९८ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. तिच्याशी त्याचा संबंध एवढाच, नावापुरता.

सोसायटीच्या मंडळींचा जीव अडकलाय तो तळहाताएवढ्या जागेत. टायर रस्त्याला टेकतो तेवढाच. तिथे रबर दबतं, पुढे जाऊन सुटतं. पण दबताना घेतलेली शक्ती सगळी परत करत नाही. शेजारी उसनी नेलेली वाटीभर साखर जशी थोडी उणीच परत येते, तसं. त्या उण्या साखरेची उष्णता होते आणि पेट्रोल आपलं जळतं. मग चोख परतफेड करणारं रबरच का करू नये? तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर पकड देण्यात याच बुडवेगिरीचा मोठा हात असतो. पेट्रोल वाचवावं की जीव, या घासाघिशीत पानंच्या पानं समीकरणं.

आणि एवढं करून टायरच्या वागण्याचं सर्वांत गाजलेलं सूत्र कोणतं? डेल्फ्टच्या हान्स पाचेका यांचं ‘मॅजिक फॉर्म्युला’. ते असंच का, याला भौतिकशास्त्रात नेमका आधार नाही. पण मोजलेल्या आकड्यांवर चपखल बसतं. हे वाचल्यावर मला त्या सगळ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

परवा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने बोटावर थुंकी घेऊन माझ्या स्कूटरच्या व्हॉल्व्हला लावली. बुडबुडा आला नाही. “व्हॉल्व्ह ओके आहे, काका.” मग मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. “याचा पार गोटा झालाय. पावसाच्या आत बदला.”

मी त्याला साखरेच्या वाटीचं सांगणार होतो. पण माझ्यामागे आणखी दोन स्कूटर उभ्या होत्या.