सोयाबीनच्या मुलखात टोफू खपवण्याचे धडे

अकोला-अमरावतीकडच्या घरात टोफू शिजवायला अर्धा तास पुरतो, खपवायला मात्र पूर्वतयारी लागते. पुण्या-मुंबईहून दिवाळीला गावी किंवा सासरी निघालेल्या नव्या वीगन मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. सूचना क्रमाने पाळा. मध्येच कोणी हसलं तरी हात थांबवू नका.

१. परिस्थिती समजून घ्या.
तुम्ही पुण्याहून बर्फात घालून टोफू, म्हणजे सोयाबीनच, नेत आहात, आणि जिथे नेत आहात तिथे ओसरीवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागली आहे. १९९४ साली जेएस-३३५ हे वाण आलं आणि बघता बघता ज्वारीची वावरं सोयाबीनची झाली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे 'सुवर्ण सोया', 'येलो गोल्ड' अशी वाणं काढली. नावं सराफ्यातली, भाव बाजार समितीतला. पण हे पीक विकायचं, खायचं नाही. पोतं हर्रासात जातं, तिथून तेलाच्या मिलमध्ये. तेल डब्यात जातं आणि ढेप कोंबड्यांच्या खाद्यात. (कोंबड्यांचा भाग तुम्ही वाचला नाही असं समजा.) या सगळ्या प्रवासात ते कास्तकाराच्या चुलीवर कधी चढत नाही.

"सोयाबीन काय माणसानं खाचं असते काय?" हा प्रश्न पहिल्या संध्याकाळीच येईल. विचारणाऱ्याच्या रस्स्यावर जी लालभडक तर्री आहे ती बहुधा सोयाबीनच्याच तेलाची असते, हे दाखवून देण्याचा मोह आवरा. जावयाने किंवा सुनेने पहिल्या दिवशी एवढं शहाणपण करू नये.

२. गांधीजींचा दाखला जपून द्या.
१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात घालून पाहिलं गेलं, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. दाखला घरचा आहे, बिनतोड आहे. अडचण एवढीच की प्रत्येक घरात एक निवृत्त मास्तर असतात. ते चष्मा पुसत सांगतील, दूध सोडलेल्या बापूंनाही शेवटी शेळीचं दूध घ्यावं लागलं. मग सगळेजण आधी दारातल्या शेळीकडे बघतील आणि नंतर तुमच्याकडे.

३. घरीच करायचा हट्ट असेल तर करा बापडे.
ओसरीवरच्या पोत्यातलं सोयाबीन घ्या. पेरणीतून उरलेल्या थैलीतले गुलाबी दाणे अजिबात नकोत. त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि ही एक सूचना गमतीत घेऊ नका. दाणे रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, उकळतं पाणी घालून वाटा. थंड पाण्यात वाटलंत तर कच्च्या शेंगेचा उग्र वास घरभर फिरेल आणि खटला तिथेच निकाली निघेल. गाळलेलं दूध दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळा, कारण कच्चं सोयाबीन पोटाला मानवत नाही. भांडं मोठं घ्या, ते फार फेसाळतं. खाली उतरवून वाफ जरा कमी झाली की लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला. पिवळसर निवळ पाणी सुटतं आणि पांढऱ्या गुठळ्या वर येतात. नेमक्या याच वेळी सासूबाई दारात येतील. "दूध नासलं काय वं?" म्हणतील. "हो" म्हणा. सहानुभूती मिळेल आणि वर फडकंही मिळेल.

गाळून उरलेला चोथा थालीपिठात छान लागतो. गाईला घालू नका. ती आवडीने खाईल आणि ओसरीवरून निकाल येईल, "पाय बाप्पा, ढोराचंच खाणं होय हे."

४. पाणी काढा, पण गुपचूप.
हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की पोतं परत येतं. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन रस्त्यावर, गच्चीवर, देवळाच्या आवारात वाळवून माणसं थकतात. २०२४ च्या हंगामात ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली तेव्हा कुठे थोडा जीव भांड्यात पडला. आता तुमच्या पुड्यातला टोफू बघा. त्यात पाऊण हिस्सा पाणीच आहे आणि त्याला मीटर खुपसणारा कोणी जन्मला नाही.

तेव्हा टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळा, परातीत ठेवा, वर पाटा ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. परातीत साचलेलं पाणी मामाजी, म्हणजे सासरे, बघायच्या आत ओतून टाका. त्यांनी ते पाहिलं तर दोन हंगामांचा राग तुमच्या परातीवर निघेल.

५. चव द्या.
टोफूला स्वतःची चव नाही. हा दोष समजू नका, पाहुण्याच्या घरी हा मोठा गुण असतो. पुस्तकं सांगतात, तेल-मसाल्यात रात्रभर मुरवा. मुरत काही नाही. आत पाणी भरलेलं असतं, तेल बाहेरच्या बाहेर फिरत बसतं. त्याऐवजी तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, निथळून कोरडे करा आणि तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परता. दर्यापूर-अकोटकडे, खारपाणपट्ट्यात असाल तर मीठ आधी चाखून बघा. तिथल्या विहिरीने निम्मं काम उरकलेलं असतं.

६. मग रस्सा.
कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईस्तोवर भाजा. खसखस, लसूण, आलं, काळा मसाला घालून पाट्यावर वाटा (हो, टोफूवरचा पाटा आता काढा). तेलात हात आखडता घेऊ नका. तिखट इतकं असू द्या की खाणाऱ्याच्या कपाळावर घाम यावा. घाम पुसणारा माणूस तुकडा कशाचा आहे, हे विचारत बसत नाही. वर जुडीभर सांबार, म्हणजे कोथिंबीर.

७. आजीकडे दुर्लक्ष करा.
ती म्हणेल, "यात पातोड्या टाकल्या असत्या तं काय झालं असतं?" प्रश्न घातक आहे. पातोडी बेसनाची, झुणका बेसनाचा, ठेचा-भाकर आणि जवसाची चटणी तर बोलायलाच नको. यातल्या कशातच दुधाचा थेंब नाही. म्हणजे आजी ऐंशी वर्षं अधूनमधून वीगनच होती आणि तिने त्याची कुठे वाच्यता केली नाही. ऐकू आलं नाही असं दाखवा, नाहीतर तुमचा सगळा प्रकल्प बारगळेल.

खरा धोका दुसरीकडे आहे. रोडगे तुपात बुडवून येतात, अमरावतीचा गिला वडा दह्यात येतो, आणि तिथे टोफू तुमच्या मदतीला येत नाही. "आज उपास आहे" एवढंच म्हणा. आग्रह तत्काळ थांबतो. साबुदाणा येतो. वर दही येतं. यावर आमच्याकडे उपाय नाही.

८. किमतीचं लेबल प्रवासातच नखाने खरवडून टाका.
हे विसरलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. मामाजी दोनशे ग्रॅमचा पुडा उलटा करतील. मग कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडतील. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न; आणि हर्रासात तेवढाही सुटला नाही. एका किलो सोयाबीनचा टोफू होतो दीड किलोच्या वर. म्हणजे असे पुडे किती? पेन थांबेल. घरात शांतता पसरेल. चव कशी आहे, हे ते विचारणार नाहीत.

"याची मशीन कितीले येते? अन् सबसिडी भेटते काय?"

भेटते. केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना आहे, ३५ टक्के, कमाल १० लाख. पण हे तुम्ही सांगितलंत की अर्ज तुम्हीच भरायचा, बँकेत तुम्हीच जायचं आणि दिवाळीची सुट्टीही तुम्हीच वाढवून घ्यायची.