कस्टमर दोनदा: बिल्ड फेल झालेल्या नवशिक्यांसाठी

पायरी पहिली: घाबरा. आयफोनसाठी पहिलंच ॲप करताय, वाण्याच्या उधारीचं. एक्सकोडमध्ये कोअर डेटाचं मॉडेल उघडलंत, ‘कस्टमर’ नावाची एन्टिटी केलीत, नाव आणि बाकी असे दोन रकाने टाकलेत, बिल्ड मारलंत. लाल ठिपके. स्वतः एक ओळही लिहिलेली नसताना चूक झाली, म्हणजे घाबरायला हवंच.

पायरी दुसरी: कमांड-शिफ्ट-के. क्लीन होतं, बाकी काही होत नाही. मग मॅक रिस्टार्ट करा. तेवढ्यात चहा होतो.

पायरी तिसरी: ‘डिराइव्ह्ड डेटा उडव,’ असं शेजारच्या टेबलावरचा सीनियर मान वर न करता सांगेल. उडवा. मी एका दुपारी चार वेळा उडवला होता. पुढच्या बिल्डला एक्सकोड तो फोल्डर पुन्हा भरतो आणि एरर आंघोळ करून परत येतो.

पायरी चौथी सगळे गाळतात. एरर वाचा. शेवटपर्यंत. कस्टमरची क्लास फाइल ‘यूज्ड ट्वाइस’ असं लिहिलंय आणि पुढे दोन पत्ते आहेत: एक तुमच्या प्रोजेक्टचा, दुसरा डिराइव्ह्ड डेटाच्या पोटातला. एकाच रेशनकार्डावर एकच माणूस दोनदा चढलाय. एकदा तुम्हीच चढवलात, एडिटर मेनूतलं ‘क्रिएट एनएसमॅनेज्डऑब्जेक्ट सबक्लास’ दाबून. (दाबलं होतं. आठवा.) दुसऱ्यांदा एक्सकोडने. २०१६ च्या एक्सकोड ८ पासून तो हे क्लास बिल्डच्या वेळी स्वतःच लिहितो, आणि डावीकडच्या फायलींच्या यादीत दाखवतही नाही.

आता एन्टिटीवर क्लिक करा, उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये ‘कोडजेन’ शोधा. मुळात तिथे ‘क्लास डेफिनिशन’ असतं, म्हणजे सगळं एक्सकोड लिहिणार. तेच ठेवायचं तर त्या मेनूने बनवलेल्या क्लासच्या आणि रकान्यांच्या, आपल्या दोन्ही फायली काढून टाका. ‘मॅन्युअल/नन’ केलंत तर सगळं तुमच्या गळ्यात: उद्या ‘फोन’ रकाना वाढवलात आणि फाइलमध्ये लिहायला विसरलात, की कस्टमरला फोनच नाही म्हणून कंपायलर अडून बसणार. ‘कॅटेगरी/एक्स्टेन्शन’मध्ये क्लास तुमचा, रकान्यांची फाइल एक्सकोडची. माझं मत विचाराल तर पहिलाच पर्याय राहू द्या आणि बाकीची बेरीज वगैरे वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये एक्स्टेन्शन करून लिहा. ‘वेगळ्या नावाच्या’ हे दोनदा वाचा.

कस्टमर सुटला. दुसऱ्या एन्टिटीचं नाव मात्र ‘टास्क’ ठेवू नका. २०२१ च्या स्विफ्ट ५.५ पासून भाषेचा स्वतःचा टास्क आहे. तुमचा क्लास त्याला झाकतो, आणि एरर मॉडेलपासून चार फायली लांब, भलत्याच ओळीवर उगवतो. तिथे कोडजेन कितीही फिरवा, उपयोग नाही. मी दोन दिवस फिरवलं. माझ्या त्या ॲपमध्ये ती एन्टिटी अजून ‘टास्कटू’ या नावाने नांदते आहे.