चौदा लिटरचं बिऱ्हाड

सायकलच्या पिशव्या लिटरमध्ये मोजतात, हे जांब्यात सांगायची सोय नाही. सीटखाली बांधायची नवी पिशवी दाखवत मी म्हणालो, "अण्णा, ही चौदा लिटरची." अण्णांची उमेदीची वर्षं पुनावळ्यावरून चिंचवडला सायकलीनं दूध घालण्यात गेलेली. त्यांनी पिशवी उलटीपालटी केली. "चौदाच? माझ्या कॅरिअरला वीस-वीसचे दोन कॅन असायचे. आन् कॅरिअर कुठाय तुझं?"

कॅरिअर नाही. मडगार्ड नाही, स्टँडही नाही. वजन वाचावं म्हणून हे सगळं मुळातच दिलेलं नसतं आणि जे दिलेलं नाही त्याचेच पैसे जास्त पडतात. मग लांबचा प्रवास ठरला, की कॅरिअरवर सहज मावला असता तो संसार सीटखाली, दांडीखाली आणि हँडलपुढे पट्ट्यांनी आवळत बसायचं. याला बाइकपॅकिंग म्हणतात. पूर्वी मधल्या दांडीवर मूल बसायचं आणि मागे त्याची आई. आता त्या जागा पिशव्यांनी घेतल्या आहेत, आणि मायलेकरं घरी बसून "पोचलात का?" म्हणून मेसेज करतात.

कारण अगदीच नाही असं नाही. अलास्कात १९८७ साली इडिटाबाइक नावाची बर्फातली सायकल शर्यत सुरू झाली. पुढे २००८ पासून कॅनडातल्या बॅन्फहून थेट मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत, चार हजारांवर किलोमीटरची टूर डिव्हाइड होऊ लागली. असल्या वाटांवर कॅरिअरचे बोल्ट हादऱ्यांनी ढिले होतात, सळ्या मोडतात, बाजूच्या पिशव्या झुडपांत अडकतात. म्हणून सामान सायकलच्या अंगासरशी बांधायची रीत रुळली. पक्क्या सडकेवर ही मिजास कशाला, असं कुणी म्हणेल. त्यानं जांब्याहून नेऱ्यावरून माणला एकदा यावं. रेडिमिक्सच्या गाड्यांनी तो रस्ता असा केला आहे, की अलास्काची आठवण काढायला बर्फ लागत नाही.

बेत असा होता: माण, घोटावडे, पौड, ताम्हिणी उतरून माणगाव, श्रीवर्धनला समुद्र गाठायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा.

सामान भरण्याचे नियम मी वाचून पाठ केले होते. अण्णांना ते न वाचता येत होते. जड ते मधल्या त्रिकोणात: हत्यारं, पॉवर बँक, पाणी. सायकलचा तोल तिथं असतो. फक्त पिशवी फुगली, की दोन्ही गुडघे तिला घासत जातात, आणि ती त्रिकोणभर असेल तर बाटल्यांची जागा जाते. हँडलपुढे हलकी वळकटी. पण ती ब्रेकच्या केबली दाबते, दिवा झाकते आणि खड्ड्यात चाकावर टेकते. सीटखालच्या पिशवीत कपडे, तेही सीटच्या बाजूला ठासून. शेपटाकडे वजन गेलं, की चढावर उभं राहून पायडल मारताना ती म्हशीच्या शेपटीसारखी डुलते. आखूड माणसाच्या सायकलीत सीट आणि टायर यांत जागाच इतकी थोडी, की पिशवी टायर पुसत चालते. उंचीचं असं नुकसान लग्नाच्या बाजारातही कुणी करत नाही.

अण्णांनी डुलणाऱ्या पिशवीवर जुन्या ट्यूबची पट्टी कापून आवळली. डुलणं थांबलं. अशाच कामाचे परदेशी पट्टे मी आधीच मागवून ठेवले होते, ते मी त्यांना दाखवले नाहीत.

पिशवीचा दुसरा गुण म्हणजे ती रिकामी राहू शकत नाही. दोन लिटर उरले, की दुसरा स्वेटर आठवतो. मे महिन्यात. किनाऱ्यावर. तंबूचं तेच. श्रीवर्धनपासून खाली गावोगाव घरगुती राहण्याजेवणाची सोय असताना तंबू न्यायचा तो केवळ वळकटी छान दिसते म्हणून. बायकोनं पिशव्या जमिनीवर ओतून अर्धी खोगीरभरती परत कपाटात ठेवली, तेव्हा सायकल प्रथमच सायकलीसारखी चालली.

मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी तो पुरा केला आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परतले. वाटेत वाळवंटंही होती. नायलॉन तेव्हा जन्माला यायचं होतं, म्हणजे निदान पिशवीचा रंग निवडण्यात त्यांचे दिवस गेले नसणार.

मला मात्र या पिशव्यांचा हिशोबच एकतर्फी वाटतो. सगळे जण निघतानाचं सामान मोजतात. कोकणातून परततानाचं कोण मोजणार? बागमांडला, दाभोळ, तवसाळ अशा एकेका जेट्टीवरून खाडी ओलांडावी तसतसं सामान वाढत जातं. जेवायला वाढणारी काकू निघताना फणसपोळी हातात ठेवते. "राहू द्या, जागा नाही" हे वाक्य तिथं कुणाला कळत नाही. कॅरिअर असता तर प्रश्नच नव्हता. मी पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी बाटल्यांचे पिंजरे लावून घेतले, ते खरं तर याच भीतीनं. घरी सांगताना पाण्यासाठी म्हणून सांगितलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आले. टायर दाबून पाहिले, ट्यूबची गाठ ओढून पाहिली आणि त्या पिंजऱ्यांपाशी थांबले.

"येताना कोकमाचं आगळ आण. बाटली बसंल यात."

"आणतो की, एक बाटली."

"एक नको," अण्णा म्हणाले. "एका अंगाला वजन आलं, की हँडल ओढतं. दोन आण."