पाणी पोहोचलं पाहिजे

हा माणूस तुमच्याही नात्यात असणार. आमच्या वाट्याला तो साडू म्हणून आलाय. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत नोकरी काढली, निवृत्तीच्या पैशातून डिशवॉशर घेतला आणि तेव्हापासून सिडकोतल्या त्याच्या घरी कुणाला शेवटचा भात सुखानं गिळता येत नाही. उठलात की मागून हाक: "अहो साडूबुवा, ताट असं ठेवलंत तर पाणी पोहोचणार कसं?"

जायकवाडी उशाला असून ज्या गावात नळाला रोज पाणी नाही, तिथं हा चमच्याच्या खोलगटात पाणी पोहोचेल का म्हणून झुरतो!

ताटांची तोंडं मधल्या बाजूला. वाट्या पालथ्या, जराशा कललेल्या. चमच्यावर चमचा बसायचा नाही. कढई खाली, उपडी. बोअरच्या जड पाण्यासाठी मशीनचं वेगळं मीठ. शेवटी फवाऱ्याचा पंखा बोटानं फिरवून बघायचा. झाऱ्याचा दांडा अडला की सगळं परत बाहेर. मध्ये बोललात तर जोसेफिन कॉक्रेनबाई निघतात. 1886 साली बाईंनी डिशवॉशरचं पेटंट घेतलं, त्यात ब्रश नव्हता; पाण्याचा झोत होता आणि भांड्यांच्या मापाचे तारेचे खण. "म्हणजे जागा आधी, धुणं नंतर!"

मुलीच्या साखरपुड्याला व्याह्यांनी हौसेनं आपलं ताट स्वतः आत ठेवलं. साडू "राहू द्या हो" म्हणाला आणि त्यांची पाठ वळताच ताट फिरवलं. व्याह्यांना ते फ्रिजच्या काचेत दिसलं. लग्न झालं, एवढंच.

त्याचा पूर्ण विश्वास एकाच माणसावर. पंपाशिवाय या गावात नहरीनं पाणी खेळवणारा मलिक अंबर. "तो माझा रॅक पहिल्या फटक्यात लावेल!"

मात्र एक मान्य करायला हवं. त्या घरी पंगत उठली की बायका गच्चीत गप्पा मारत बसतात आणि स्वयंपाकघरात हा एकटाच असतो. आमच्याकडे अजून तसं नाही. (ही हे वाचणार आहे, तेव्हा पुढे जाऊ.)

सासूबाई त्याच्याकडेच असतात. त्यांची हयात मोरीवर राखेनं भांडी घासण्यात गेली. मशीनवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दुधाचा पेला त्या नेमका सुलटा ठेवतात. साडू बघतो, ओठ आवळतो आणि म्हणतो, "असू द्या आई, पोहोचेल पाणी." सकाळी पेला गढूळ पाण्यानं काठोकाठ भरलेला असतो. त्या उठायच्या आत तो हातानं घासून ठेवतो, असं मेहुणीनं सांगितलं. मी विचारलं, तर म्हणे, फिल्टर साफ करत होतो.