वळवलं, पण परत आणणार कोण?

रस्त्याचं काम निघालं की सगळ्यात आधी फाट्यावर पत्र्याचा एक फलक उभा राहतो. ‘पुढे काम चालू, रस्ता बंद.’ शेजारी एक बाण आणि बाणाखाली ‘डायव्हर्जन’. कुठे ‘डायवर्शन’, कुठे ‘डायव्हर्शन’. पेंटरला जसं ऐकू आलं तसं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण एसटीच्या ड्रायव्हरपासून ऊसतोड टोळीच्या मुकादमापर्यंत सगळ्यांना तो शब्द कळतो. माझी तक्रार बाणाबद्दल आहे. तो आपल्याला मुख्य रस्त्यावरून खाली उतरवतो आणि तिथेच त्याचं कर्तव्य संपतं. पुढे आपण पुन्हा रस्त्याला लागतो की रात्रभर उसाच्या फडातून फिरतो, याची विचारपूस कोणी करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका राज्यमार्गावर मोरीचं काम चालू होतं. बाण डावीकडे, म्हणून डावीकडे वळलो. थोडं डांबर, मग नुसती खडी, मग एक गाव. ग्रामपंचायतीसमोर रस्त्याला तीन फाटे फुटले आणि तिन्हींवर एकही फलक नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारायला उतरलो, तर मी तोंड उघडायच्या आत दुकानातल्या मावशींनी हात वर केला. ‘हिरीपासनं उजवीकडं घ्या, कॅनॉलच्या कडंनं जावा, पूल आला की वर चढा. पुलाखालनं जाऊ नका दादा, तिकडं चिखल हाय.’ सगळं एका दमात, पाठ झालेलं. काम सुरू झाल्यापासून दिवसभर हेच सांगते, म्हणाल्या. रात्री ट्रकवाले शटर वाजवतात. ठेकेदाराचा माणूस एकदा थंडा प्यायला आला होता, त्याला त्यांनी फलकाचं सांगितलं. तो ‘लावू’ म्हणाला.

ठेकेदाराचं आणि बांधकाम खात्याचं काम त्या बाई फुकटात करत होत्या, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कारण नियम नाहीत असं नाही. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ सालची. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची यासाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी ५५. तिच्यात रस्त्याचे चार टप्पे केले आहेत. आधी सूचना देणारा टप्पा, मग वाहनं हळूहळू बाजूला घेणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर आणणारा. हा चौथा टप्पा आपल्याकडे बहुतेक वेळा कागदावरच राहतो. पहिलाही बऱ्याचदा खड्ड्याच्या तोंडाशीच उरकलेला असतो: चुना फासलेले दोन ड्रम, वाळूची पोती, मध्ये बाभळीची फांदी. अंधारात चमकणारी पट्टी कुठे असलीच तर चिखलाने माखलेली. दुचाकीवाल्याला ती फांदी दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते.

कायद्यातही तरतूद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली रस्ता बंद करायचा तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर ती लागत नाही, परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणजे जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी येते. ती वाचतो तो तिथला माणूस, आणि त्याला रस्ता बंद असल्याचं दूधवाल्याकडून आधीच कळलेलं असतं. ज्याला खरी गरज, तो परजिल्ह्यातून निघालेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचणारी प्रसिद्धी एकच, ती म्हणजे फलक.

मोठी कामं मी समजू शकतो. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला तो वर्षाहून अधिक काळ. वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळवली. घाट फोडायचा तर तो बंद ठेवावाच लागणार, त्याला इलाज नाही. पण कोल्हापूरहून मालवणला निघालेल्या माणसाला वळसा कुठून घ्यायचा ते गगनबावड्याला पोचल्यावर कळून काय उपयोग? फोंड्याने जायचं तर त्याने कोल्हापुरातूनच वेगळा रस्ता धरायला हवा. वळण लागण्याआधी निवड करता आली पाहिजे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण तर २०११ पासून चाललंय. तिथे शाळेत असल्यापासून बाण बघत आलेली मुलं आता स्वतः गाडी चालवतात.

मोबाईलवरचा नकाशा बघा, असं सांगणारे भेटतात. तालुक्याच्या रस्त्यावर परवा खोदलेली मोरी त्या नकाशाला माहीत नसते. तो आपल्याला इमानेइतबारे खड्ड्यापर्यंत नेतो, किंवा मग बैलगाडीच्या वाटेवर घालतो.

आणि जो फलक लागतो, तो काम संपल्यावर काढायला कोणी येत नाही. रस्ता गुळगुळीत झालेला असतो आणि फाट्यावर ‘रस्ता बंद’ तसाच उभा, त्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. याचा परिणाम फार वाईट होतो. लोक फलकावर विश्वास ठेवेनासे होतात. ‘बघू तरी, टू-व्हीलर निघेल’ म्हणत ड्रमांच्या मधून गाडी घालतात, आणि ज्या दिवशी रस्ता खरंच खोदलेला असतो त्या दिवशी आत पडतात. अशा माणसाला बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खोट्या फलकांनीच त्याला ती सवय लावली.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची सुरक्षा मानकं न पाळणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. पण कधी? त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तरच. चुकलेली गाडी, बुडालेली मुलाखत, रुग्णाला घेऊन कॅनॉलच्या कडेला उलटी वळवलेली जीप, यांना हे कलम लागू होत नाही.

मागणं फार मोठं नाही. वळसा किती किलोमीटरचा, बाहेर कुठे निघणार आणि काम कधी संपणार, एवढ्या तीन ओळी पहिल्या फलकावर हव्यात. मग प्रत्येक फाट्यावर एक बाण, मूळ रस्ता येईपर्यंत. पत्रा तोच, बांबू तोच, पेंटरही तोच. आणि बिल काढण्याआधी शाखा अभियंत्याने एकदा रात्री, ड्रायव्हर न घेता, कोणालाही न विचारता त्या वळणरस्त्याने स्वतः गाडी चालवत जावं, आणि पलीकडे निघाल्यावरच मोजमाप पुस्तिकेत सही करावी.